शिकत होतात तेव्हा तुम्हाला जेवू कोणी घातलं?

कृष्णाकाठची:
आमच्या बिल्डिंगीत तळमजल्याच्या खोलीत जूनपासून एक मुलगा राहायला आलाय, नंदुरबारकडचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा जिन्यात भेटला तर म्हणे काकू, इथे एकाच वेळचे पैसे घेणारी मेस कुठे आहे का, मी दिवसातून एकदाच जेवतो. तेवढंच बोलला आणि खाली निघून गेला, पण मला बाबाच आठवले एकदम. बाबा १९५० च्या सुमारास सांगलीला शिकायला होते आणि वार लावून जेवायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सात वार सात घरं, ज्या घरचा जो वार त्या दिवशी तिथे जेवायचं. बाबांचा शनिवार कायम रिकामा असायचा, कोणाकडे लागलाच नाही, मग शुक्रवारच्या काकू रात्री दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या त्यावर शनिवार निघायचा.

बाबा सांगायचे की ज्या घरात काम सांगायचे तिथे पोटभर जेवण व्हायचं. एका घरी नातवाचे पाढे म्हणून घ्यायचे, एका घरी विहिरीचं पाणी शेंदून द्यायचं, एका आजोबांना दिसायचं नाही त्यांना पेपर वाचून दाखवायचा. काम केलं की तिसरी भाकरी मागायला जीभ अडखळायची नाही. आणि जिथे नुसतंच ताट वाढून समोर बसायचे तिथे दीड भाकरीवर उठायचे.

म्हणून मी त्या मुलाला सांगितलं की संध्याकाळी आमच्या सातवीतलीचं गणित घे आणि जेवूनच खाली जा. येतोय. तर सगळ्यांनी लिहा, शिकताना कोणी खाऊ घातलं, काय असायचं ताटात, त्यातलं काय अजून तुमच्या घरात चालू आहे. तुम्ही कोणाला घातलं असेल तर तेही लिहा, संकोच नको.

माणदेशी:
एसटीचा डबा!!! आईचं उठणं चारला, सहाच्या गाडीला डबा. आठवीपासून बारावीपर्यंत तालुक्याला खोली करून राह्यलो, आम्ही गावातली पाच पोरं. अॅल्युमिनियमचा कडीचा डबा, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि खाली गावाचं नाव, वरनं फडकं आणि फडक्याची गाठ अशी घट्ट की दातानं सोडायला लागायची. कंडक्टर स्टँडवर खांबाजवळ सगळे डबे ओळीनं ठेवून द्यायचे, कोणी कधी दुसऱ्याचा उचलला नाही. आत ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ नायतर हुलग्याचं माडगं घट्ट केलेलं, कारळ्याची चटणी आणि कांदा. भात कधीच नाही कारण तोच डबा रात्रीला पण पुरवायचा असायचा आणि उन्हाळ्यात भात आंबतो. रिकाम्या डब्यातनं माझी चिठ्ठी जायची, वही संपली, कंपास हरवला, परीक्षा अमुक तारखेला. दुसऱ्या दिवशी उत्तर भाकरीखाली. आई शाळेत गेलेली नव्हती, चिठ्ठी शेजारच्या ताईकडून वाचून घ्यायची. मग माझ्याच चिठ्ठ्यांवरनं ती अक्षरं ओळखायला लागली, पहिल्यांदा "वही" ओळखलं कारण तो शब्द सारखा यायचा. माझ्या बारावीच्या वर्षी भाकरीखालची चिठ्ठी तिच्या हातची होती, वेलांटी नाही काना नाही पण तिची.
गाडी आली नाही त्या दिवशी ज्याचा डबा आला त्याचा चतकोर सगळ्यांना. हा नियमच होता, कोणी ठरवला माहीत नाही.

भाकरतुकडा:
@माणदेशी डोळ्यात पाणी आणलंत राव, आणि कारळ्याची चटणी म्हटल्यावर तोंडालाही. आता जेवून येतो मग वाचतो पुढचं.

सुगरण_नाशिक:
आई आहेत का अजून?

माणदेशी:
@सुगरण_नाशिक आहेत की, आता नातवाला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकतात, टाईप करायला कंटाळा येतो म्हणतात

निळी_वही:
वार लावून जेवायची गोष्ट चांगली आहे पण एक बोलायलाच पाहिजे, वार सगळ्यांना लागत नव्हते. आमच्या आजोबांना कुठल्या घराने ओसरीवर घेतलं असतं? त्या काळी कोणाच्या स्वयंपाकघरापर्यंत कोण जाऊ शकतो हे जातीवर ठरत होतं. आमच्या लोकांना शिकताना जेवू घातलं ते बोर्डिंगांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये जे काढलं त्यात तर सगळ्या जातीची पोरं एकत्र, स्वयंपाक पोरांनीच करायचा आणि एका पंक्तीत बसायचं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या बायकोने, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र सुद्धा दिलं. आमच्या घरात देवाच्या फोटोंच्या जागी त्या दोघांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आजोबांनी लावलेला.
आजोबा भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्याच बोर्डिंगात होते ४० च्या दशकात. निम्मा दिवस शाळा, निम्मा दिवस शेतात नाहीतर बांधकामावर, त्यातनंच जेवण. म्हणायचे मला गणित आलं ते कोठीवर, किती पोरं, माणशी किती पीठ, आठवड्याला किती पोती. भाकरी ते आजीपेक्षा चांगली थापायचे आणि आजी हे चारचौघात सांगायची. आमच्यात अजून पोरग्याला दहावीच्या आधी भाकरी थापता आलीच पाहिजे, माझा पोरगा पण शिकतोय.

कृष्णाकाठची:
@निळी_वही लिहिलंत ते फार बरं केलंत. बाबांच्याच वर्गात असा एक मित्र होता, त्याला एकही वार मिळाला नाही म्हणून त्याने सांगली सोडली, हे बाबा शेवटपर्यंत सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. वारांची गोष्ट सांगायची तर ही पण सांगायला हवी.

झेडपीच्या_बाई:
मधल्या सुट्टीत लिहितेय, घाईत आहे. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत त्यांच्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. १९९५ ला शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली तेव्हा पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, ते घरात सगळ्यांच्या पोटात जायचे, पोराच्या वाट्याला किती येत असतील देव जाणे. २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवूनच द्या म्हणून सांगितलं तेव्हापासून शाळेत चूल पेटली. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. कागदावर एवढंच दिसतं. पण आमच्या मावशी कामावर येताना घरच्या शेवग्याचा पाला घेऊन येतात आणि वरणात टाकतात, कोणी सांगितलेलं नाही. आम्ही मागे मोकळ्या जागेत पालक, वांगी, शेवगा लावलाय, वाफे मोजायचे, रोपातलं अंतर पट्टीने टाकायचं, परिमिती क्षेत्रफळ सगळं तिथेच होतं. पाचवीतल्या एकीने मला विचारलं बाई तेवढ्याच जागेचा वाफा लांबट केला तर कुंपण जास्त लागतं का चौकोनी केला तर. मी सांगितलं नाही, म्हटलं दोरी घे आणि मोज. मोजून आली, म्हणे चौकोनाला कमी. घंटा झाली.

पेजवाला:
आमच्याकडे फोंड्याला उकड्या तांदळाची पेज सकाळी दहाच्या सुमारास, कोण दारात असेल त्याला. मी म्हापशाला आत्येकडे शिकायला होतो, तिच्या शेजारची बाई आम्हा पोरांना पेज आणि खारातली कैरी द्यायची, शनिवारी. नारळ पडले की आम्ही वेचून द्यायचे, हिशोब मिटला. पेज खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही आणि गोव्याच्या उकाड्यात डोकं शांत राहतं.

सुगरण_नाशिक:
@पेजवाला खारातल्या कैरीची कृती लिहा ना प्लीज, टिकते का वर्षभर

पेजवाला:
छोट्या कैऱ्या अख्ख्या, देठाचा चीक पुसून काढायचा, बरणीत कैरी मीठ कैरी मीठ असे थर, वर वजन ठेवायचं. पाणी आपोआप सुटतं. ओला हात घालू नये, बस. टिकते.

दोन_घास:
मी आहारतज्ज्ञ आहे, मुलींच्या हॉस्टेलांमध्ये जाते. वरचं सगळं वाचताना एक जाणवलं की ह्या सगळ्या गरिबीतल्या जेवणात शहाणपण होतं. भाकरीबरोबर उसळ किंवा पिठलं, म्हणजे धान्यात जे प्रथिन कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीतलं कमी ते धान्यात. मोड आणले की मटकीतलं लोह अंगी लागायला मदत होते. आज मी हॉस्टेलच्या मुलींचं जेवण बघते तर सकाळी चहा बिस्किट, दुपारी मेसमधली मैद्यासारखी पोळी आणि पाणचट भाजी, रात्री नूडल्स. निम्म्या मुलींना जिना चढताना धाप लागते, रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी. त्यांना मी महागाचं काहीच सांगत नाही. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. भाजीवर उसळीवर लिंबू पिळा. खोलीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ ठेवा. अंडं खात असाल तर रोज एक उकडा, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. नाचणीचं आंबील करता आलं तर फारच छान, कॅल्शियमसाठी धान्यांमध्ये नाचणीच्या जवळपास कोणी नाही. आणि कृपा करून परीक्षेच्या दिवशी उपाशी जाऊ नका.

पेठेतली_अभ्यासिका:
@दोन_घास ताई लिंबू मेसमध्ये मागितलं तर एक्स्ट्रा पैसे घेतात हो. आता आम्ही तिघी मिळून डझनभर आणतो आणि डब्यात घालून नेतो.
माझं पण लिहिते. पुण्यात बरीच वर्षं झाली, मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अडकले होते, मेस बंद, अभ्यासिका बंद, पैसे संपलेले. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयाला केली होती सरकारने, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. दुपारी ती. रात्रीचं जेवण वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून यायचं, दाराच्या कडीला पिशवी अडकवून जायच्या, कोरोनामुळे समोर यायच्या नाहीत. मी पण पिशवीतून त्यांच्या औषधांची यादी घ्यायचे आणि आणून द्यायचे. आम्ही एकमेकींचा चेहरा नीट बघितला तो दिवाळीला.
आता मी आणि माझी मैत्रीण गावाकडून नवीन येणाऱ्या मुलींना रविवारी राज्यघटना शिकवतो, फुकट. शिकवायला लागल्यापासून माझंच पक्कं झालं, कलमं पाठ करायची गरजच राहिली नाही. त्या मुली येताना गावचं पीठ, चटण्या घेऊन येतात, मग सगळ्यांचं मिळून इंडक्शनवर पिठलं होतं. आणि ज्यांना खरंच राहण्याजेवण्याची अडचण आहे त्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीत चौकशी करा, १९५५ पासून पुण्यात गावाकडच्या मुलामुलींसाठी काम चालतं, माझी बहीण तिथेच राहून इंजिनियर झाली.

भाकरतुकडा:
जेवून आलो. @पेठेतली_अभ्यासिका परीक्षेतून नोकरीची पोस्ट मिळाली की इथे येऊन सांगायचं, पेढे आम्ही वाटू

पेठेतली_अभ्यासिका:
नक्की दादा

यारा_काठी:
मेलबर्नहून. मास्टर्स करायला आले तेव्हा भाडं भरून हातात फार काही उरायचं नाही. मी नांदेडची, लहानपणापासून हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर, म्हणजे सगळ्यांना फुकट जेवण, माहीत, त्यामुळे इथे गुरुद्वारा शोधायला मला कोणी सांगावं लागलं नाही. बाकीच्या मराठी मुलांना वाटायचं आपण शीख नाही तर कसं जायचं. मी ओढून नेलं सगळ्यांना. जेवायचं आणि मग भांडी घासायला किंवा फुलके लाटायला बसायचं, कोणी विचारत नाही कुठले कोण. माझ्याबरोबर साताऱ्याचा एक मुलगा होता त्याला घरी पाण्याचा ग्लास उचलून ठेवायची सवय नव्हती, तो तिथे पराती घासायला शिकला आणि आता त्याच्या बायकोला विचारा! मूळ पोस्टमधल्या बाबांचं ते काम केलं की मागायला लाज वाटत नाही, ते इथे रोज बघते.

खानदेशी_तडका:
@कृष्णाकाठची नंदुरबारचा पोरगा आहे ना, मग त्याला कळण्याची भाकरी करून घाला एकदा. तो आपणहून मागणार नाही. पोळी भाजी तो खाईल पण आठवण त्याला कळण्याचीच येत असणार.

कृष्णाकाठची:
अहो खरंच का, मला नीट येत नाही, सांगा की प्रमाण. परवा विचारलं काय आवडतं तर म्हणाला काहीही चालतं काकू.

खानदेशी_तडका:
चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालीसकट काळे उडीद, जाडं मीठ त्यातच टाकून दळून आणायचं. पीठ जरा कोमट पाण्यात मळा, उडदामुळे चिकटपणा येतो म्हणून भाकरी तुटत नाही, नवशिक्यालाही जमते. बरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वरून कच्चं तेल, नाहीतर वांग्याचं भरीत. उन्हाळ्यात कांदा हवाच.

कृष्णाकाठची:
आमचा गिरणीवाला उडीद घेत नाही, म्हणतो पुढच्याच्या दळणाला चिकटतं.

खानदेशी_तडका:
नुसते उडीद देऊच नका, घरूनच ज्वारीत मिसळून न्या आणि कळणा आहे म्हणून सांगा. आणि दळण रात्री गिरणी बंद व्हायच्या आधी टाका, शेवटचं. पोराला बरोबर न्या, त्याला सांगता येईल किती बारीक हवं ते.

कृष्णाकाठची:
शनिवारी नेते त्याला.