फेल्टच्या हॅटना बुरशी, एकीवर पाण्याचा डाग: जत्रेच्या नाटकाआधी काय करावं?

नाट्यपेटारा_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. गावच्या नाट्यमंडळाचा पत्र्याचा पेटारा पावसाळाभर देवळाच्या माळ्यावर होता. साहेबाच्या भूमिकेसाठी ठेवलेल्या चार फेल्ट हॅट (लोकर किंवा फर दाबून केलेल्या) आणि दोन काळ्या टोप्या त्यातून कुबट वासाच्या निघाल्या.

राखाडी हॅट जुनी आहे, पातळ आणि गुळगुळीत. आतल्या चामड्याच्या पट्टीवर हिरवट बुरशी, काठाखाली पांढरी. दोन तपकिरी हॅट जाडसर आणि लोकरी, त्यांवर नुसता पांढरा भुरा. काळ्या हॅटवर कौलातून गळलेलं पाणी पडलंय. माथ्यावर गोल डाग आणि काठ लाटेसारखा झालाय. टोप्यांना आतून बुरशी.

कोणी म्हणतं उन्हात टाका, कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी स्पिरिट. जत्रेला अजून दीड महिना आहे. क्रमाने काय करावं?

कापडचोपड_रत्नागिरी

सगळ्यात आधी: ओला फडका लावू नका. ओलसर बुरशी पुसली की ती सुटत नाही, तंतूंमध्ये दाबली जाते आणि गडद फेल्टवर राखाडी पट्टा बसतो. पूर्ण वाळली की तिची भुकटी होते, ती ब्रशने निघते. म्हणून आधी वाळवणं, मग झाडणं, आणि डाग उरलाच तर शेवटी ओलं काम.

वाळवायचं ते सावलीत, वारा खेळत्या पडवीत, पाऊस असेल तर पंख्याखाली. कडक उन्हात रंग उडतो आणि चामड्याची पट्टी आक्रसते. ‘हॅट आटली’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा फेल्ट जागच्या जागी असतं, आटलेली असते ती पट्टी. चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची आपली सवयही इथे उपयोगाची नाही, तिथे उष्णता आणि धूर दोन्ही लागतात. पट्टी हलक्या हाताने बाहेर उलटवा आणि हॅट त्या उलटलेल्या पट्टीवर उभी ठेवा. काठावर टेकवलीत तर सगळं वजन काठावर येऊन तो बिघडतो. जुनं चामडं कडक झालं असेल तर ओढू नका, शिवणीपाशी फाटतं. अशी हॅट माथा खाली करून ठेवा.

झाडायचं अंगणात, वारा पाठीवर घेऊन, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. घरात झाडलंत तर बुरशीचे बीजाणू गाद्या आणि पडद्यांवर जाऊन बसतील. ब्रश घोड्याच्या केसांचा, मऊ हवा. बुटांचा नायलॉनचा कडक ब्रश फेल्टची लव उचकटतो. हॅट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने झाडत जा, लव बहुधा त्याच दिशेला बसवलेली असते. काठाखालचा भाग, रिबनची वरची कड आणि पट्टीमागची खाच विसरू नका, बुरशी तिथूनच पुन्हा उठते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधून कमीत कमी जोरावर चालवा. काम झाल्यावर ब्रश साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर तोच ब्रश पुढच्या हॅटला बुरशी देईल.

ब्लीच अजिबात नाही. लोकर आणि फर ही प्रथिनं आहेत, ब्लीचमधलं हायपोक्लोराइट त्यांना विरघळवतं. धुण्याचा सोडाही नको. व्हिनेगरने फायदा थोडा आणि पाणी जास्त जातं, रंग उतरण्याची भीती वेगळी. तेलकट डागावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवायचा सल्लाही दिला जातो, पण आपल्या हवेत तंतूंत अडकलेला स्टार्च म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट.

चपडापॉलिश_कुडाळ

स्पिरिटबद्दल. बहुतेक कडक हॅटमध्ये फेल्टला ताठरपणा येण्यासाठी चपडा लाख भरलेली असते, आणि चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो. हॅटवर सरळ स्पिरिट फवारलंत तर काठ लुळा पडतो, आणि विरघळलेली लाख वर येऊन पांढरट थर बसतो. मग तीच बुरशी समजून लोक आणखी स्पिरिट लावतात.

आधी चाचणी करा. पट्टीखाली, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक ठिपका लावा. काडीवर रंग आला तर थांबा. जागा चिकट झाली किंवा वाळल्यावर पांढरी दिसली तर आत चपडा आहे, मग फेल्टला अल्कोहोल नको. काहीच झालं नाही तर बुरशीच्या जागेवर बोळा नुसता टिपा, घासू नका, आणि वाऱ्यावर वाळवा. ९९ टक्क्यांचं घेऊ नका. ते क्षणात उडून जातं. ७० टक्क्यांतल्या पाण्यामुळे ते बुरशीच्या पेशीत शिरतं आणि थोडा वेळ टिकतं. पेटवलेल्या समईपासून आणि विडीपासून लांब.

चामड्याच्या पट्टीवर पिळून घेतलेल्या बोळ्याने एकदाच पुसा. त्यानंतर रंगहीन लेदर क्रीम अगदी पातळ. खोबरेल नको, ते झिरपून फेल्टवर कायमचा तेलकट पट्टा येतो.

जुन्या_वस्तू_मालवण

राखाडी हॅटबाबत सावध राहा. पातळ, गुळगुळीत आणि घट्ट फेल्ट म्हणजे ती सशाच्या किंवा बीव्हर या प्राण्याच्या फरची असण्याची शक्यता मोठी. फरचं फेल्ट नीट जमावं म्हणून पूर्वी ती मर्क्युरिक नायट्रेटने, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराने, प्रक्रिया करून घेत. अमेरिकेत हे १९४१ मध्ये बंद झालं. त्या काळातल्या आणि त्याआधीच्या फरच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश आजही सापडतो. लोकरीच्या फेल्टला ही प्रक्रिया लागत नसे.

वय नक्की माहीत नसेल तर ती हॅट नायट्राइलचे हातमोजे घालूनच हाताळा, स्वयंपाकघरात वाफ देऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका, झाडलेली धूळ ओल्या कागदात टिपून बंद पिशवीत टाका. नटाच्या घामाने भिजणाऱ्या डोक्यावर ती मी चढवणार नाही. मंचावर खुंटीला लटकवायला ठेवा.

नाट्यपेटारा_वेंगुर्ला

मनापासून आभार. राखाडी हॅट बाजूला काढली. चाचणीत काळ्या हॅटच्या पट्टीखाली पांढरं आलं, म्हणजे चपडा. तिचा गोल डाग आणि वाकलेला काठ कसा घालवायचा?

कापडचोपड_रत्नागिरी

गोल रेघ पाण्याची नसते. पाणी पसरताना मळ, रंग आणि लाख कडेला ढकलतं आणि वाळताना तिथेच सोडतं. म्हणून फक्त डागावर पाणी लावलं की त्याच्याबाहेर दुसरी रेघ उमटते. सगळा माथा सारखा दमट करायचा, तोही वाफेने.

किटलीला उकळी आणा. हॅट वाफेपासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरून सतत फिरवत राहा, एका जागी दहा सेकंदांहून जास्त नको. फेल्ट उबदार आणि लवचिक लागलं पाहिजे, ओलं नाही. मग ब्रशने डागाच्या मधून कडेकडे नाही, कडेकडून मध्ये आणि पुढे सगळ्या माथ्यावर. वाळू द्या, पुन्हा करा. दोन-तीन फेऱ्यांत रेघ विरते. लोकरीच्या तपकिरी हॅटना एवढी वाफ देऊ नका, उष्णता, ओल आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून हॅट खरंच आटते.

आकारासाठी आत साचा हवा. ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला साधारण १९.५ बाय १६.५ सेंटिमीटरचा लंबगोल लागतो. सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर ठोकळा करून देतील, पण लेथवर कातलेला गोल निघतो. तो हाताने लंबगोल तासून घ्यावा लागेल, नाहीतर हॅट कपाळाला टोचते आणि कानांवर सैल होते. ठोकळा नसेल तर टॉवेल गच्च गुंडाळून आत भरा आणि बाहेरून टेपने घेर मोजा.

काठ वाफवून टेबलावर सपाट पसरा, वर सुती कापड, त्यावर वाळूच्या छोट्या पिशव्या, पूर्ण वाळेपर्यंत. वाळू नदीची घ्या. समुद्राच्या वाळूतलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि फेल्ट कायम दमट राहतं.

चपडापॉलिश_कुडाळ

काठ सपाट होऊनही लुळा राहिला तर ५०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये २५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, वरचं निवळ तेवढंच घ्या. खाली बसलेल्या मेणाने काळ्या रंगावर धुरकट छटा येते. काठाच्या खालच्या बाजूने मऊ ब्रशचा एक पातळ हात, वाळल्यावर गरज वाटली तर दुसरा. पाऊस असताना हे करू नका, दमट हवेत चपडा पांढरा पडतो. कोरडा, उन्हाचा दिवस बघूनच हात घाला.

पेठमाप_चिपळूण

टोप्यांचं राहिलं. आत पुठ्ठा असेल तर भिजून सुजलेला पुठ्ठा दुरुस्त होत नाही. अस्तराची शिवण उसवून तो फेका, नवा कापून घाला, अस्तर वेगळं कोमट पाण्यात धुवा. मऊ टोपी असेल तर वरचीच पद्धत.

पुराचं पाणी लागलेली हॅट मात्र वेगळी गोष्ट. जुलै २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात गटार आणि डिझेल दोन्ही मिसळलेले असतात, त्यावर घरगुती उपाय करू नयेत.

साठवण नीट नसेल तर हे सगळं पुढच्या श्रावणात पुन्हा करावं लागेल. आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला पुरेसं होतं आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे ८५ च्या वर असते. रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा २५ लिटरचा प्लास्टिक डबा, तळाशी २५० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) मलमलच्या पिशवीत, आणि आत छोटा आर्द्रतामापक. हॅट कोरड्या दिवशी दुपारी बंद करा. ओल आत कोंडली तर डबाच बुरशीचं घर होतो. सिलिकाच्या निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा चालतात. पाणी होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे आत ठेवू नका, कलंडले तर चामडं जातं.

डांबरगोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका. आणि त्यांच्यासोबत कापूर ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की आपल्या उन्हाळ्यात वितळून चिकट डाग पडतात.