भरतीला इंजेक्शन घेऊन पळणाऱ्या पोरांपुढे न घेणाऱ्याने काय करायचं?

सीनाकाठची

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय एकवीस, बी.ए. झालंय, पोलीस भरतीची तयारी करतोय. आमचं गाव माढा तालुक्यात. तो तालुक्याच्या ठिकाणी एका अकॅडमीत राहतो आणि त्याची फी, मेस मी माझ्या पगारातून भरते. घरी ऊस आणि दोन म्हशी, त्यामुळे या नोकरीकडे सगळ्यांचे डोळे लागलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुरुषांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं तर पूर्ण २०, त्यापुढे दर वीस सेकंदांना दोन-दोन गुण कमी. माझा भाऊ ५:३६ वर अडकलाय, म्हणजे १६. गोळा चांगला जातो, १०० मीटर बरं आहे. पुढे लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात, त्यामुळे एकेका गुणावर शेकडो पोरं मागेपुढे होतात.

मागच्या सुट्टीत घरी आला तो गप्पगप्पच होता. धारा काढताना माझ्याजवळ बोलला. खोलीतली तिघं जण ट्रायलच्या आधी इंजेक्शन घेतात. "बीपी वाढवायचं असतं म्हणे." त्यातला एक बघता बघता ५:१४ वर आला. मी नाही म्हणजे नाही असं बजावलं. तेव्हा तो म्हणाला, "ताई, ते घेणार, कुणी बघणार नाही, यादी लागणार. माझा प्रामाणिकपणा त्या यादीत कुठल्या रकान्यात लिहितात?"

मला उत्तर सुचलं नाही. तब्येतीला वाईट असतं एवढं मलाही कळतं, पण त्याचा प्रश्न तब्येतीचा नव्हता, न्यायाचा होता. आणि न घेता ५:१० खरंच येतं का, हेही मला कुणीतरी खरं सांगा. नुसता धीर नको.

भूलवाला डॉक्टर

ताई, तुमच्या वर्णनावरून ते मेफेन्टरमाईन असावं. मी ते रोज वापरतो, म्हणून लिहितो.

सिझेरियनला पाठीच्या मणक्यात भूल देतो तेव्हा रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बाईचं बीपी झपकन खाली येतं. अशा वेळी मॉनिटरवर नजर ठेवून, ऑक्सिजन हाताशी ठेवून आम्ही हे औषध अगदी थोडं थोडं देतो. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरएड्रेनलिन साठवलेलं असतं, ते हे औषध बाहेर काढतं. हृदय जोरात चालतं, बीपी वर येतं, डोकं तरतरीत होतं. पळणाऱ्या पोराला वाटतं अंगात बळ आलं. फुप्फुसं, पाय, रक्त आधी होतं तेच असतं. थकवा जाणवायचा थांबतो, आणि थकवा जाणवणं ही शरीराची राखण आहे.

दुसरी गोष्ट अशी की तो साठा रिकामा होत जातो. मग तेवढ्याच डोसने काही होत नाही आणि पोरं डोस वाढवतात. हृदयाचे ठोके बिघडणं, हृदयाचा स्नायू कमजोर पडणं, भास होणं, संशयाने पछाडणं, व्यसन लागणं, हे सगळं जिममध्ये जाणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांत डॉक्टरांनी पाहिलंय आणि वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलंय. खोलीत एकच सुई फिरत असेल तर कावीळ आणि एचआयव्ही वेगळेच. चिठ्ठीशिवाय हे औषध देता येत नाही, देणारा कायदा मोडतोय.

१३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेला. भयंकर ऊन होतं आणि पोटात ॲम्फेटामिन हे उत्तेजक आणि दारू. शरीर थांब म्हणत होतं ते त्याला ऐकूच आलं नाही. मेफेन्टरमाईन त्याच कुळातलं आहे. वाडा, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था, हिच्या यादीत स्पर्धेच्या वेळी बंदी असलेल्या उत्तेजकांत त्याचं नाव आहे.

वाद_घालणारा

डॉक्टरांचं पटलं, सुई घेऊ नये. पण ताईंनी न्यायाचं विचारलंय आणि तिथे मला प्रामाणिकपणे अडचण वाटते.

मैदान समान होतं कधी? ईरो मँटिरांटा हा फिनलंडचा स्कीपटू. त्याच्या घराण्यात एक जनुकीय बदल होता, त्यामुळे शरीर एरिथ्रोपोएटिनला (ईपीओ, तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) जास्तच दाद द्यायचं आणि रक्तात तांबड्या पेशी मुबलक व्हायच्या. ऑलिंपिकची सात पदकं, त्यातली तीन सुवर्ण. तेच रक्त दुसऱ्याने ईपीओची सुई घेऊन कमावलं तर तो चोर. आपला अविनाश साबळे कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर जाऊन सराव करतो, तिथेही तांबड्या पेशीच वाढतात, आणि ते नियमात बसतं. कॅफिनवर बंदी होती, २००४ पासून ती उठली. रेषा माणसंच आखतात आणि पुसतात.

आणि २०२२ चे वाडाचे आकडे बघा. भारतात ३,८६५ नमुने तपासले, १२५ मध्ये बंदी असलेलं द्रव्य सापडलं. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. राष्ट्रीय पातळीवर ही गत, तर भरतीच्या मैदानावर, जिथे नाडा, म्हणजे आपल्याकडची उत्तेजक तपासणारी संस्था, फिरकतच नाही, तिथे एकट्या पोराने नियम पाळून व्यवस्थेला काय फरक पडतो? एखाद्याच्या घरी रोज अंडी-दूध आहे, एखाद्याच्या नाही, हाही अन्यायच की.

दहिवडीचे मास्तर

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता सकाळी गावातल्या पोरापोरींना पळायला शिकवतो, फी घेत नाही. माझ्या हाताखालची पोरं पोलिसात आहेत, राज्य राखीव दलात आहेत, आणि काही जण अजून भरतीच देतायत. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे.

आधी वाद घालणाऱ्या दादांना. शरीरं सारखी नसतात हे कबूल. साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचा पोरगा, फौजेत गेला आणि तिथे स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला, लागला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० मध्ये रौप्य घेतलं. सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदाने गेलं. तो उंचीवर जातो तेव्हा आठवडेच्या आठवडे शरीर स्वतः ते रक्त तयार करतं, आणि जास्त झालं की स्वतःच थांबतं. सुईला थांबा नसतो. किती घ्यायची हे घेणाऱ्याच्या भीतीवर ठरतं, आणि भीतीला तळ नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. समजा उद्या सरकारने सांगितलं, घ्या रे सगळ्यांनी. काय होईल? सगळे वीस सेकंद पुढे जातील. जागा तेवढ्याच राहतील. कट-ऑफ वर जाईल आणि आज जो यादीत खाली आहे तो खालीच राहील, फक्त आता त्याचं हृदयही खराब असेल. कुणाचाच फायदा नाही, आणि ज्याला घ्यायचं नाही त्याला मैदान सोडून जायची पाळी. म्हणून मी म्हणतो की सुई घेणारा स्वतःपुरता निर्णय घेत नाही. तो खोलीतल्या बाकीच्यांच्या दंडावर सुई टेकवतो. ताई, तुमच्या भावाला आज जे वाटतंय ते नेमकं हेच आहे. त्याच्यावर अन्याय झालाय, त्याला तसं वाटतं ते खोटं नाही. त्याला हे आधी सांगा.

परवानगी दिली की काय होतं ते पूर्व जर्मनीने दाखवलंय. १९७४ पासून सरकारी योजनाच होती. कोवळ्या पोरींना व्हिटॅमिन म्हणून निळ्या गोळ्या द्यायचे, त्या ओरल ट्युरिनाबोलच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या. पोरींचे आवाज बदलले, अंगावर केस आले, पुढे कित्येकींची यकृतं आणि गर्भाशयं बिघडली. पदकं ढिगाने मिळाली. हो-नाही म्हणायचा हक्क खेळाडूकडे उरलाच नाही, तो प्रशिक्षकाकडे आणि डॉक्टरकडे गेला. अकॅडमीत फी भरून राहणाऱ्या पोराचं, ज्याच्या मागे घरच्यांचा तगादा आहे, त्याचं काय होईल?

आणि भरती ही शर्यत नाही. पदकासाठी नाही, कामासाठी माणूस निवडतात. आषाढीला पंढरपुरात, विसर्जनाला पुण्यात, अठरा-अठरा तास उभं राहायचं असतं. तिथे कोण देणार इंजेक्शन? फुटलेला पेपर पाहून लेखी देणं आणि सुई घेऊन मैदान मारणं यात मला काडीचा फरक दिसत नाही. पेपर फुटला की पोरं रस्त्यावर उतरतात आणि बरोबर करतात. मैदानाबद्दल मात्र सगळे मूग गिळून बसतात. याचा मला संताप येतो.

कुणी बघत नाही म्हणून चालतं, हेही सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळलं आणि खेळाडूंनी पळ काढला. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकटाच धावला. तपासणीच्या नुसत्या बातमीने एवढं होतं. मैदानावर लघवी तपासायची सोय प्रत्येक जिल्ह्यात झाली पाहिजे, हे लेखी मागा, आमदाराला द्या, पोलीस अधीक्षकांना द्या. मी दिलंय.

आता ५:१० चं. येतं. ५:३६ वाला पोरगा चार-पाच महिन्यांत येऊ शकतो, पण रोज पहाटे डांबरी रस्त्यावर जीव खाऊन १६०० पळून नाही येत. बहुतेक अकॅडम्यांत हेच चालतं आणि पोरांच्या नडग्या धरतात. ५:१० म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. त्याची आज ८४ आहे. आठवड्यातून एकदा ४०० च्या सहा फेऱ्या ८० सेकंदांनी, मध्ये दोन मिनिटं हळू जॉग. ते अंगवळणी पडलं की आठ फेऱ्या ७८ ने, आणि विश्रांती दीड मिनिट. एक दिवस २०० मीटरचे तुकडे. एक दिवस आठ-दहा किलोमीटर इतकं सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. याला पोरं हसतात, पण दम याच दिवशी वाढतो. बाकी हलकं पळणं, आणि एक दिवस पूर्ण आराम. पूर्ण १६०० घड्याळ लावून दोन-तीन आठवड्यांतून एकदाच.

पहिली फेरी बघा त्याची. पोरं ७० ने सुटतात आणि तिसरी ९० ने ओढतात. ७८, ७९, ७८ आणि शेवटची ७५, असं बसवा.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. गर्दीत पोरं बाहेरून पळतात. मैदान ४०० मीटरचं असेल तर पहिल्याऐवजी दुसऱ्या लेनमधून चारही फेऱ्या मारल्या की साधारण तीस मीटर जास्त होतात. त्या वेगाने हे सहा सेकंद झाले! वळणावर आतली कड धरायची, पुढे जायचं ते सरळ भागात. सुईवाल्याचा काही फायदा इथेच भरून निघतो.

सीनाकाठची

मास्तर, तुमचा प्रतिसाद भावाला फोनवर वाचून दाखवला. लेनचं ऐकून तो म्हणाला, "मी तर नेहमी बाहेरूनच पळतो, धक्काबुक्की नको म्हणून." पहिली फेरी मोजतही नाही म्हणाला. आणि तुम्ही "त्याच्यावर अन्याय झालाय" असं लिहिलंय ते मी दोनदा वाचावं असं त्याने सांगितलं.

अकॅडमीच्या चालकांशी मी बोलले. "आमच्याकडे असलं काही नाही" एवढंच ऐकवलं. त्यामुळे या महिन्यानंतर खोली बदलतोय. तिथल्याच ग्राउंडवर सराव करणारी तीन-चार पोरं वेगळी राहतात, त्यांच्याबरोबर राहील. भाडं थोडं जास्त आहे, बघू.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. त्याने पावडरचा एक डबा आणलाय, लेबलवर सगळं इंग्रजीत आहे, दुकानदार म्हणतो नैसर्गिक आहे. तो चालू ठेवायचा का? आणि रक्त तपासून घ्यावं का?

दहिवडीचे मास्तर

रक्त जरूर तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही पळा, वेळ येत नाही. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने नको.

डबा बंद करा. २०११ मध्ये आपल्या ४०० मीटरच्या मुली, ज्यांनी आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धेत रिले जिंकली होती, त्यांच्यातल्या काही जणी मिथॅन्डिएनोन या स्टेरॉइडमध्ये सापडल्या. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी बंदी लागली, कारण खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. डब्याच्या पैशांत महिनाभर अंडी, हरभरे आणि शेंगदाणे-गूळ होतात. घरचं दूध आहेच.

खोली बदलतोय ते उत्तम केलंत. त्या पोरांना सांगा, मंगळवारी ४०० च्या फेऱ्या एकत्र मारा आणि एकाने कडेला उभं राहून प्रत्येक फेरीची वेळ ओरडून सांगा. सहा आठवड्यांनी ट्रायल घ्या आणि चारही फेऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या इथे टाका. मग लेखीचंही बोलू. तिथे १०० गुण आहेत, आणि मैदानातले चार गुण गणित-बुद्धिमत्तेत भरून काढणारी पोरं मी पाहिलीत.

वाद_घालणारा

मास्तर, जागा तेवढ्याच राहतील हा मुद्दा मी लक्षातच घेतला नव्हता. ऑलिंपिकच्या बाबतीत माझा प्रश्न अजून शिल्लक आहे, भरतीच्या बाबतीत नाही. तपासणीच्या मागणीचा तुमच्याकडचा मसुदा इथे टाकाल का? आमच्या जिल्ह्यात मी देतो.