जळगावहून एनसीपीएला: माईकशिवायचं गाणं ऐकायचं तर तिकीट कुठलं काढावं?

मेहरूणकर
राम राम मंडळी. वडिलांना (वय ७४, दोन्ही कानांना मशीन) मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) कार्यक्रम ऐकवायचा आहे. टाटा थिएटरला शास्त्रीय गायन आहे आणि जमशेद भाभा थिएटरला सिम्फनी ऑर्केस्ट्रा. जमेल एकच. तिथला आवाज चांगला म्हणतात तो नेमका कशामुळे? जास्त पैसे मोजून पुढची रांग घ्यावी का? आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री जळगावला निघता येईल का? बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) नवीन थिएटर याहून भारी आहे असंही कानावर आलंय.

भुसावळ साउंड
बीकेसीचा विषय आधी मिटवू. तिथलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर २०२३ मध्ये उघडलं. त्यातल्या ग्रँड थिएटरला २००० खुर्च्या आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस. मोठी संगीत नाटकं, झगमगाटी प्रयोग बघायला उत्तम, पण तिथली करामत स्पीकरची. एनसीपीएच्या या दोन हॉलमध्ये खुद्द भिंती आणि छत काम करतात. टाटा थिएटर १९८० चं, वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसचं ध्वनिकामही याच हॅरिसांचं. साधारण १००० खुर्च्या, पंख्यासारखी मांडणी, त्यामुळे एवढ्या लोकांतही गायक जवळ वाटतो. जमशेद भाभा १९९९ चं, ११०९ खुर्च्या, ऑपेरा आणि ऑर्केस्ट्राला साजेसं.

आवाज चांगला का, तर गणित बघा. टाळी वाजवल्यावर तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्र. आपल्याकडचं मंगल कार्यालय धरा: ३० बाय १५ मीटर, उंची ६, म्हणजे २७०० घनमीटर. खाली फरशी, भिंतींना प्लास्टर, शोषण जेमतेम १०० चौरस मीटर. उत्तर येतं ४.३ सेकंद. एक बोल विरायच्या आत पुढचे दहा येऊन त्यावर बसतात. ४०० माणसं बसली की प्रत्येकी ०.४५ च्या हिशोबाने १८० ची भर पडते आणि आस दीड सेकंदावर येते. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक करून लावलेलं सेटिंग पब्लिक आल्यावर चुकतं. चांगल्या हॉलच्या गादीच्या खुर्च्या रिकाम्या असतानाही बसलेल्या माणसाच्या जवळपास आवाज पितात, हा त्यावरचा इलाज.

सिम्फनीला साधारण १.८ ते २.२ सेकंदांची आस लागते. आपल्या गायनाला आणि तबल्याला कमी हवी, नाहीतर द्रुत तिहाईचा (एकच बोल भरभर तीनदा) चिखल होतो.

दुसरी गोष्ट भिंतीवरून परतणारा आवाज. तो १० मीटर जास्त फिरून आला तर सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. कान तो मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि सूर भरीव लागतो. ४० मीटर लांबच्या सपाट भिंतीवर आपटून आला तर उशीर २३३ मिलिसेकंद. मग तबल्याची एक थाप दोनदा ऐकू येते, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं तसं.

तापीकाठ
वरचं सगळं बरोबर, पण तिकीट काढण्याआधी बॉक्स ऑफिसला एक फोन करा: "कार्यक्रम माईकवर आहे का?" टाटा थिएटर माईकविना ऐकण्यासाठी बांधलं असलं तरी तिथले बरेच गायक माईक घेतात. माईक असेल तर भिंतींचं कौतुक निम्म्यावर येतं आणि आवाज साउंडवाल्याच्या हातात जातो.

पहिली रांग नको. गायन असेल तर मधोमध, पाचवी ते दहावी. ऑर्केस्ट्राला पुढे बसलं की व्हायोलिन कानावर आदळतात आणि मागची बासरी, ओबो, ब्रास दिसतही नाहीत, नीट मिसळतही नाहीत. तिथे हॉलचा मधला पट्टा किंवा बाल्कनीची पुढची रांग घ्या, तीही बऱ्याचदा स्वस्त असते. बाल्कनीच्या छताखाली खोलवरची खुर्ची मात्र टाळाच, वरून परतणारा आवाज तिथे पोचतच नाही. अगदी कडेच्या खुर्च्याही नकोत.

आणि पहिली दहा मिनिटं "आवाज कमी आहे" असं वाटणारच. आपले कान पेंडॉलच्या स्पीकरला सरावलेत, थोडा दम धरा.

श्रवण, धुळे
कानाच्या मशीनबद्दल कुणी बोललं नाही, तुमच्यासाठी खरी अडचण तीच. बोलणं ऐकण्याच्या सेटिंगमध्ये मशीन सतत एकसारख्या येणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबतं, आणि तानपुरा नेमका तसाच वाजतो. शिट्टी रोखणारी यंत्रणा लांबवलेल्या षड्जाला ('सा'ला) किंवा बासरीला शिट्टी समजते, मग सूर थरथरतो किंवा त्याला दुसरा बेसूर जोड येतो. घरचे म्हणतात "बाबांना गाण्यात गोडी राहिली नाही", आणि दोष असतो सेटिंगचा.

ऑडिओलॉजिस्टकडून वेगळा 'म्युझिक' प्रोग्राम टाकून घ्या: गोंगाट कमी करणं बंद, माईकची दिशा मोकळी, शिट्टी रोखणं शक्य तितकं कमी. आठवडाभर आधी घरी मोबाइलवर नाही, खऱ्या पेटीसमोर बसवून बघा. कार्यक्रमाच्या दिवशी नवे सेल टाका. स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवून मग झाकण लावायचं, नाहीतर पूर्ण ताकद मिळत नाही. सेल संपत आल्याची टिकटिक आलापात नको.

माझं मत: यांच्यासाठी टाटा थिएटरचं गायन.

मेहरूणकर
गायनच ठरवतो मग. गाडीचं कुणी सांगेल का?

चाळीसगाव फलाट
संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी विदर्भ, पंजाब मेल, अमरावती यांचा नाद सोडा भो, गाणं रंगात येईस्तोवर त्या कल्याणच्या पुढे. तुमच्या कामाची महानगरी, रात्री १२:१० ला सुटते आणि जळगावला थांबते. सगळे चुकतात ते तारखेत: १५ तारखेचं गाणं ऐकून निघायचं तर तिकीट १६ चं काढायचं. १५ चं काढलंत तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. वेळ एकदा ताजी तपासून घ्या.

जाताना सीएसएमटीहून अ‍ॅक्वा लाइन मेट्रोने विधान भवन, तिसरं स्टेशन, तिथून टॅक्सी किंवा सावकाश चालत. परतताना रात्री मेट्रोच्या भरवशावर राहू नका. थेट टॅक्सी, अंतर तीनेक किलोमीटर.

तापीकाठ
अर्धा तास आधी पोचा. गाणं सुरू झालं की मध्येच आत सोडत नाहीत, गाण्यात सोयीचा थांबा येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. दाद मनापासून द्या, गायनाला ती चालतेच. ऑर्केस्ट्राला गेला असता तर संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत टाळी नाही, एवढं पाळावं लागलं असतं. खोकल्याची गोळी वेष्टन काढूनच खिशात ठेवा, तो चुरचुर आवाज चार रांगांना ऐकू जातो.

श्रवण, धुळे
आन् एसी भलता थंडा ऱ्हास, बाबासले शाल लई जाज्यात. फक्त ती कानावरून घेऊ देऊ नका, मशीनच्या माईकवर कापड घासलं की खरखर होते.