तामागोयाकी फाटते, सुंदुबु कडू होतो: मालिका बघून स्वयंपाक करताना काय चुकतं?

चिमूटभर

'शिन्या शोकुदो' (मिडनाइट डायनर) आणि 'इतेवॉन क्लास' बघून दोन पदार्थ जमवायचे आहेत: गोड तामागोयाकी (अंड्याची थरांची जपानी गुंडाळी) आणि सुंदुबु जिगे (मऊ तोफूचा तिखट कोरियन रस्सा). दोन्ही फसताहेत. प्रमाणं देतो, चूक सांगा.

तामागोयाकी: ३ अंडी, ५ मोठे चमचे दाशी (जपानी स्टॉक), २ मोठे चमचे साखर, थोडा सोया सॉस. बाहेरून तपकिरी होते, आतून पाणी सुटतं आणि कापली की थर सुटे होतात.

दाशी: कोम्बू (सुकं समुद्री शैवाल) आणि कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पातळ काप) एकत्र टाकून दहा मिनिटं उकळलेली. बुळबुळीत आणि कडसर.

सुंदुबु: ३५० ग्रॅम मऊ तोफू, अर्धा लिटर पाणी, २ मोठे चमचे गोचुजांग (आंबवलेली मिरचीची पेस्ट), १ मोठा चमचा गोचुगारू (मिरचीची भरड) मोठ्या आचेवर परतून. रंग काळपट, चव कडू, रस्सा पातळ आणि तरी चिकट.

शिवाय, कृती नीट कळेल अशी मालिका कोणती? बहुतेकांत सुरी, वाफ आणि पहिला घास, एवढंच दिसतं.

पळी

तुमच्या तामागोयाकीत दोन घराणी एकत्र नांदताहेत. तोक्योकडची तामागोयाकी गोड, साखर-सोयाची. क्योतो-ओसाकाकडची दाशीमाकी, तिच्यात दाशी भरपूर आणि साखर जेमतेम. 'शिन्या शोकुदो'च्या पहिल्या भागात कोसुझु हा ग्राहक मागवतो ती गोड. तुम्ही साखर तोक्योची घेतली आणि दाशी क्योतोची.

तीन अंडी म्हणजे साधारण १५० ग्रॅम. त्यात ७५ मिली दाशी, म्हणजे अंड्याच्या निम्मी. एवढं पाणी धरून ठेवणं मुरलेल्या हाताचं काम. त्यात साखरेमुळे दोन गोष्टी होतात: अंडं घट्ट व्हायला जास्त उष्णता लागते आणि पृष्ठभाग मात्र लवकर तपकिरी होतो. म्हणून बाहेर करपलेलं, आत ओलं.

हे घ्या: ३ अंडी, २ मोठे चमचे गार दाशी, दीड मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा सोया सॉस, चिमूट मीठ. साखर आधी दाशीत पूर्ण विरघळवा. अंडी फेटायची नाहीत. चॉपस्टिक भांड्याच्या तळाला टेकवून डावी-उजवीकडे चालवत पांढरं कापायचं. फेस आला की थरांत भोकं पडतात. मग गाळणीतून गाळा. गाळलं नाही तर पांढऱ्याचे धागे राहतात आणि गुंडाळी नेमकी तिथेच फाटते.

तवा मध्यम आचेवर. चॉपस्टिकच्या टोकाने मिश्रणाचा थेंब टाका. हलका चुर्र आवाज यावा. तडतडला तर तवा जास्त तापलाय, ओल्या फडक्यावर क्षणभर टेकवा. तेलात बुडवलेल्या कागदाने तवा पुसून घ्या आणि हे प्रत्येक थराआधी करा. मिश्रण चार भागांत ओता. बुडबुडे आले तर फोडा. वरचा भाग अजून ओलसर चमकत असतानाच गुंडाळायला लागा. तुमचे थर सुटतात ते इथे: पृष्ठभाग कोरडा झाला की पुढचा थर त्याला चिकटतच नाही. दुसऱ्या ओतीपासून आधीची गुंडाळी उचलून मिश्रण तिच्या खाली जाऊ द्या.

पहिली गुंडाळी वेडीवाकडी होतेच, ती आत जाते, कुणाला दिसत नाही. शेवटी बांबूच्या चटईत गुंडाळून पाच मिनिटं ठेवा, मग कापा. गरम असताना कापली तर पाणी सुटणारच.

दाशीसाठी १ लिटर पाणी, १० ग्रॅम कोम्बू, २० ग्रॅम कात्सुओबुशी. कोम्बू अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर तापवा. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की उकळी येण्याआधी काढून टाका. तुमचा बुळबुळीतपणा उकळलेल्या कोम्बूचा. आता पाणी उकळा, आच बंद करा, कात्सुओबुशी टाका, एक-दोन मिनिटांत तळाशी बसेल, मग गाळा. फडकं पिळायचा मोह आवरा, पिळलं की कडसरपणा आणि वास उतरतो. दोन्ही वस्तू लागतात त्याला कारण आहे: कोम्बूतलं ग्लुटामेट आणि कात्सुओबुशीतलं इनोसिनेट एकमेकांची चव कैक पटींनी वाढवतात. ग्लुटामेट इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये कोम्बूतूनच वेगळं केलं होतं.

गोलतवा

पळींचं सगळं बरोबर, फक्त चौकोनी तवा नसेल तर: २० सेंटिमीटरचा गोल नॉनस्टिक घ्या, थर पसरल्यावर डावी-उजवी कड दोन-दोन बोटं आत दुमडा, मग गुंडाळा. टोकं निमुळती राहत नाहीत.

त्याच भागातल्या ऱ्यू या ग्राहकाच्या लाल सॉसेजबद्दलही: त्याला ऑक्टोपसचा आकार देताना सॉसेज एका टोकापासून निम्म्याहून थोडं जास्त उभं चिरायचं, आधी दोन, मग चार, मग आठ पाय. गरम झाल्यावर साल आकसते आणि पाय बाहेर वळतात. सालीशिवायचं सॉसेज घेतलं तर ते ढिम्म बसून राहतं.

तळाला_लागलं

सुंदुबुत मुख्य गुन्हेगार मोठी आच. गोचुगारू ही वाळवलेल्या मिरचीची भरड, तिच्यात साखर असते, अर्ध्या मिनिटात काळी पडते आणि एकदा कडू झाली की परत येणं नाही. गोचुजांगमध्ये तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन. त्याने रस्सा दाट-चिकट आणि गोडसर होतो. सुंदुबुत तो नकोच. लाल तवंग हवा असेल तर तो मिरचीच्या तेलाचा असतो.

दोघांसाठी: १ मोठा चमचा साधं तेल आणि १ मोठा चमचा तिळाचं तेल, ८० ग्रॅम पोर्कचे बारीक तुकडे, पाव कांदा, १ मोठा चमचा लसूण. मांसाचा रंग बदलला की आच अगदी मंद करा, २ मोठे चमचे गोचुगारू टाका आणि मनात तीस अंक मोजत परता. तेल लाल दिसलं की लगेच स्टॉक.

स्टॉक फक्त २५० ते ३०० मिली. तोफूच्या पाकिटात पाणी असतं आणि गरम झाल्यावर तोफूही पाणी सोडतो. अर्धा लिटर घेतल्यावर रस्सा पातळ न होऊन काय होईल! स्टॉकसाठी मोठे सुके अँचोव्ही मासे १० (डोकं आणि पोटातला काळा भाग काढून, कडूपणाचा दुसरा उगम तो), ५ सेंटिमीटर चौकोनी कोम्बू, ५०० मिली पाणी. उकळी आल्यावर पाच मिनिटांनी कोम्बू बाहेर, अँचोव्ही आणखी दहा मिनिटं. आटून-गाळून वरच्या कामापुरता उरतो.

मीठ म्हणून १ मोठा चमचा गुक-गांजांग, म्हणजे सूपचा सोया सॉस. हा रंगाने फिका पण नेहमीच्यापेक्षा खारट, तेव्हा नेहमीचा घातलात तर रंग काळवंडतो आणि मीठ तरीही कमी पडतं. तोफू चमच्याने मोठे लपके काढून सोडा आणि ढवळू नका. तीन-चार मिनिटं उकळून अंडं फोडा, कांद्याची पात टाका, आच बंद.

मातीचं तुकबेगी (कोरियन भांडं) थेट मोठ्या आचेवर ठेवलं तर तडकतं. मंद आचेपासून चढवत न्या. ते उष्णता धरून ठेवतं, म्हणून टेबलावर आल्यावरही रस्सा खदखदत असतो आणि अंडं तिथेच शिजतं. साध्या पातेल्यात केलं तर अंडं आधीच एक मिनिट झाकून ठेवा.

उपशीर्षक

मालिकांचं सांगतो. कृती शिकायची असेल तर 'किनो नानी ताबेता?' (व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?). टीव्ही तोक्यो या वाहिनीवर २०१९ मध्ये आली, दुसरा सीझन २०२३ मध्ये. शिरो हा वकील संध्याकाळी घरी येऊन तीन-चार पदार्थ एकाच वेळी करतो आणि तोंडाने सांगत जातो: आधी काय चिरायचं, काय उकळत असताना काय भिजवायचं. महिन्याचं किराणाचं बजेट सुरुवातीला २५,००० येन, त्यामुळे स्वस्त आणि उरलेलं कसं वापरायचं हेही त्यात येतं. स्वयंपाकाचा क्रम शिकायला याहून चांगलं काही नाही.

एक सापळा: शिरो मेन्त्सुयु (दाशी आणि सोया सॉसचं बाटलीतलं तयार मिश्रण) सढळ हाताने वापरतो. बाटलीवर किती पट घट्ट ते छापलेलं असतं. तीन पट असेल तर १ भागाला २ भाग पाणी, थेट वापरायची असेल तर पाणीच नको. हे न बघता घातलं की सगळं खारट.

'शिन्या शोकुदो' २००९ पासून. त्यातल्या पदार्थांची मांडणी इइजिमा नामी या फूड स्टायलिस्टची. भागाच्या शेवटी पदार्थाची छोटी टीप असते, ती सोडू नका. एरवी मास्टरचं, म्हणजे खाणावळ चालवणाऱ्याचं, स्वयंपाकघर दिसतं थोडंच. वाफही नीट बघा, मागून दिवा आणि मागे अंधार असला की ती एवढी दाट दिसते. घरच्या ट्यूबलाइटखाली तोच रस्सा फिका वाटला तर तो बिघडलेला नसतो.

'कोदोकु नो गुरुमे' (२०१२ पासून) निव्वळ खाण्याची मालिका. नायक गोरो दारू पीत नाही, जेवतो खऱ्या हॉटेलांत आणि शेवटी मूळ मांगाचे (जपानी कॉमिकचे) लेखक कुसुमी मासायुकी त्या जागी जाऊन येतात. कृती शून्य, पण काय कशाबरोबर मागवायचं ते कळतं.

चिमूटभर

प्रमाणं लिहून घेतली, अर्धा लिटर पाण्याची फारच लाज वाटली. 'दे जांग गुम' ही कोरियन मालिका स्वयंपाकासाठी बघावी का?

उपशीर्षक

कृतीसाठी नको, जिभेसाठी बघा. २००३-०४ ची, एमबीसी या कोरियन वाहिनीची ५४ भागांची मालिका. शाही पाककलेची सल्लागार हान बोक-र्यो, म्हणून ताटांची मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे. राजाच्या ताटाला १२ चॉप (तोंडी लावण्याचे पदार्थ) म्हणतात, पण मोजताना भात, सूप, किमची, जिगे आणि सॉसच्या वाट्या धरत नाहीत. ताट बघून 'बारापेक्षा जास्त आहेत की!' असं वाटतं ते म्हणून. लहानगी जांग-गुम बांबूच्या कोंबांच्या पदार्थात साखर नसून पिकलेलं पर्सिमन फळ आहे हे ओळखते, तो प्रसंग चव ओळखण्याचा चांगला धडा आहे: गोडवा कशाचा, हा प्रश्न आधी.

मालिका घडते त्या राजा जुंगजोंगचा काळ १५०६ ते १५४४. मिरची कोरियात पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे त्या काळच्या ताटात गोचुजांग शोधू नका. २०२५ च्या 'बॉन अपेटीत, युवर मॅजेस्टी'मध्ये राजासाठी गोचुजांग-लोण्याचा बिबिंबाप (कालवलेला कोरियन भात) होतो, पण तिथली शेफ आजच्या काळातून गेलेली आहे, त्यामुळे चालतं. तोच करून बघायचा असेल तर भात गरमागरम हवा. गार भातावर लोणी गोळा होतं आणि गोचुजांग एका कोपऱ्यात राहतं.