कोब्यावर मुरलेले इंजिन ऑइलचे डाग कसे काढावेत? (नेरुळ)

अबोली_नेरुळ:
नमस्कार मंडळी. आमचं नेरुळला जुनं रो-हाऊस आहे. फाटकापासून पायरीपर्यंत गाडी उभी असते, तिथे कोबा आणि पायरीलगत कोटा फरशी. गाडीतून ऑइल ठिबकून दोन मोठे काळे डाग पडलेत. एक जुना आहे, दुसरा याच आठवड्यातला. कपड्यांच्या पावडरने घासलं, पण आतला काळेपणा हलत नाही. पाऊस तोंडावर आलाय आणि सासूबाई रोज सकाळी त्याच वाटेने फुलं तोडायला जातात. ओल्या ऑइलवरून पाय सटकेल याची फार धास्ती वाटते. शेजारचे काका म्हणतात, ॲसिड ओता. ओतू का?

पाना_पक्कड:
ताई, ॲसिड मुळीच नको. ॲसिड सिमेंटला खातं, तेलाला काही करत नाही. कोबा खरबरीत होईल आणि पुढचं ऑइल आणखी खोल मुरेल. कोटा तर चुनखडीचाच दगड. त्यावर ॲसिड पडलं की पॉलिश गेलंच, ते घासून परत येत नाही.

ताज्या डागावर आधी पाणी मारू नका, पाण्याने तेल पसरतं. सुताराकडून लाकडाचा बारीक भुसा आणा, जाड थर पसरा, पायाने दाबा आणि रात्रभर ठेवा. सकाळी झाडून घ्या. भुसा काळा निघत असेल तोवर पुन्हा नवा टाका. निम्मं काम इथेच होतं.

मग धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा. पण इंजिन ऑइल हे खनिज तेल आहे, खाद्यतेलासारखा सोड्याने त्याचा साबण होत नाही. म्हणून सोबत भांडी घासायचं लिक्विड हवंच, तेच तेलाला कोब्यापासून सोडवतं. दोन्ही एकत्र करून गरम पाण्यात थोडं पातळ करा, डागावर अर्धा तास राहू द्या, वाळायला लागलं तर पुन्हा ओलं करा, मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे कोब्यात अडकून गंजतात आणि ऑइलच्या जागी गंजाचा डाग येतो. हातमोजे घाला, सोडा कातडी सोलवटतो.

अबोली_नेरुळ:
खूप आभार. जुन्या डागाला एवढं पुरेल? आणि रॉकेलचं काय? गल्लीत एकजण त्यानेच पुसतात.

पाना_पक्कड:
रॉकेलने तेल पातळ होतं आणि खाली उतरतं. वर स्वच्छ दिसतं, काही दिवसांनी डाग पुन्हा वर येतो. शिवाय दारात दिवा-उदबत्ती असते, ती जोखीम नकोच.

जुन्या डागाला लेप द्या. टाल्कम पावडर किंवा खडूची पूड, त्यात भांड्यांचं लिक्विड आणि थोडं पाणी, श्रीखंडाइतकं घट्ट. बोटभर जाडीने थापा, वर प्लास्टिक घालून कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. खरं काम वाळतानाच होतं, पूड तेल वर ओढून घेते. एका लेपात जुना डाग जात नाही, फिका होत जातो. कोट्यालाही हाच लेप, सोडा न घालता, आणि आधी एका कोपऱ्यात लावून बघा.

खाडीकाठ:
एक कळकळीची विनंती. घासल्यावर पाइप लावून सगळं गटारात लोटू नका. आपल्याकडची पावसाळी गटारं नाल्यांतून आणि धारण तलावांतून (पावसाचं पाणी साठवायचे तलाव) शेवटी ठाणे खाडीत जातात. तिथे फ्लेमिंगो उतरतात आणि २०२२ मध्ये ती खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. घासलेलं पाणी जुन्या गोणपाटाने टिपून घ्या. तेलकट भुसा आणि लेप ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या पिशवीत बांधून घरगुती घातक कचऱ्यात द्या. हे सगळं पावसाआधी उरका. पहिल्या मोठ्या सरीत राहिलेलं तेल आपोआप वाहून जाईल, तेही खाडीतच.

घोडबंदर_रोड:
आमच्याकडे ठाण्यात पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत. प्रेशरच्या पाण्याने धुतले तर फटींतली रेती निघून ब्लॉक हलायला लागले. डागाळलेले ब्लॉक उचलून दुसरे बसवणं जास्त सोपं गेलं. कोब्याला अर्थातच हा उपाय नाही.

पाना_पक्कड:
आणि ताई, गळती आधी बंद करा, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा करावी लागेल. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते पाहून मेकॅनिकला दाखवा. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. ऑइल बदलल्यानंतर सुरू झालं असेल तर ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या बुचाचा) वॉशर आणि ऑइल फिल्टर आधी तपासायला सांगा. लालसर तेलकट असेल तर ते बहुधा गिअर किंवा स्टीअरिंगचं. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नाही.

अबोली_नेरुळ:
मागच्या सर्व्हिसनंतरच सुरू झालंय, वॉशर तपासून घेते. भुसा आजच आणते. तोवर सासूबाईंसाठी बाजूच्या दाराने वाट केली आहे. शेवटचं विचारते, डाग गेल्यावर कोब्याला सीलर, म्हणजे तेल मुरू नये म्हणून लावतात तो थर, मारून घेऊ का?

पाना_पक्कड:
घ्या, पण आत्ता नको. कोबा आतून पूर्ण कोरडा हवा, दमट असताना मारला तर सीलर पांढरा पडतो आणि सुटतो. दिवाळीच्या सुमारास मारा. तोपर्यंत इंजिनखाली पत्र्याचा ट्रे ठेवा.