कार्बन क्रेडिटचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचतो का?

झाडं लावून मिळालेलं कार्बन क्रेडिट विकलं गेलं की पैसा थेट लहान शेतकऱ्याच्या हातात पडतो, असं म्हटलं जातं. ते इतकं सरळ नाही. एक क्रेडिट म्हणजे शोषलेला किंवा हवेत जाण्यापासून रोखलेला एक टन कार्बन डायऑक्साइड; आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून कंपन्या ते विकत घेतात. आणि एकरभर जमिनीवरची झाडं वर्षाला मोजकेच टन शोषतात. मोजणी, तपासणी, नोंदणी यांचा खर्च एकट्यादुकट्याला झेपत नाही. मग गट करावा लागतो आणि मध्ये एखादी संस्था येतेच. तिने किती ठेवून घ्यायचं, खरी मेख तिथे आहे. मेक्सिकोतल्या चियापासमध्ये १९९०च्या दशकात सुरू झालेल्या 'स्कोलेल ते' प्रकल्पातून 'प्लान व्हिवो' हे अशा प्रकल्पांसाठीचं मानक उभं राहिलं. त्यात विक्रीच्या उत्पन्नातला किमान ६० टक्के हिस्सा स्थानिकांकडे जायलाच हवा, अशी अट आहे. कुठल्याही प्रकल्पाची जाहिरात वाचताना मी आधी हा आकडा शोधतो.

वर्षावनांचं गणित आणखी निसरडं. तिथे क्रेडिट मिळतं न तुटलेल्या झाडांचं, म्हणजे 'प्रकल्प नसता तर किती जंगल गेलं असतं' या अंदाजावर. अंदाज फुगवला की क्रेडिटंही फुगली! २०२३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकातल्या अभ्यासात तपासलेल्या बहुतेक प्रकल्पांबाबत हेच दिसलं.

मला कोस्टा रिकाची वाट जास्त पटते. १९९७ पासून तिथे जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार पैसे देतं, मुख्यतः इंधनावरच्या करातून. परदेशी खरेदीदाराच्या मर्जीवर सगळं टांगलेलं नाही. जमिनीचा कागद नसलेले मात्र तिथेही सुरुवातीला बाहेरच राहिले.