जपानच्या एनएचके चॅनलचं न्यूजलाईन बघून इंग्रजी ऐकायची सवय होते का? वेळ कुठली धरायची?

टॉवेल_डॉक्युमेंट:
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. शिक्षण सगळं मराठी मीडियम. मेल लिहायला काही अडत नाही पण दोन महिन्यांपासून एक जपानी पार्टी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल घेते आणि तिथं माझं घोडं अडतंय. वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळत नाही. परवा ते कार्टनचा आकडा फिफ्टीन म्हणाले की फिफ्टी ते कळलंच नाही, मी येस येस म्हणून बसले आणि नंतर मेल करून विचारावं लागलं, शेठ शेजारीच बसलेले. त्या रात्री जेवण गेलं नाही हो.

एका क्लासला पैसे भरून झाले, तिथं नुसतं व्याकरण. मैत्रीण म्हणाली एनएचके वर्ल्डवर न्यूजलाईन म्हणून इंग्रजी बातम्या असतात, बाहेरच्या देशातल्या लोकांसाठीच करतात त्या, मोबाईलवर फुकट दिसतात. म्हणून रोज रात्री नऊला लावते तर कधी कुठल्या गावातली भांडी, कधी सुमो, बातम्या सापडतच नाहीत. आणि नणंदेचे मिस्टर म्हणतात जपान्यांचं इंग्रजी ऐकून कान बिघडेल, बीबीसीच बघ. काय करू?

पार्क_चौक:
ताई वेळेचं सोपं आहे बघा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. ते बुलेटिन तिकडं बहुतेक वेळा बरोब्बर तासाच्या ठोक्याला सुरू होतं म्हणजे आपल्याकडं साडेला. तुम्ही नऊला लावता तेव्हा टोकियोत साडेबारा वाजलेले असतात, बातम्या होऊन गेलेल्या. साडेआठला लावा. सकाळी लवकर उठत असाल तर साडेपाचला लावा, तेव्हा तिकडं सकाळचे नऊ. त्यांच्या ॲपमध्ये दिवसभराचं वेळापत्रक आहे तेही एकदा बघून घ्या.

आता आकड्यांचं. शेअर बाजाराचा भाग लागतो त्यात निक्केई (आपल्या सेन्सेक्ससारखा त्यांचा निर्देशांक), डॉलरला किती येन वगैरे येतं आणि आकडे स्क्रीनवरही दिसतात. तेवढा वेळ स्क्रीनकडं पाठ करून बसा, वहीत आकडा लिहा, मग रिवाइंड करून ताडून बघा. मी बँकेत लागल्यावर फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या फोनसाठी हेच केलं, पहिला आठवडा दहातले चार बरोबर यायचे, महिन्यानं आठ-नऊ. फिफ्टीनमध्ये जोर शेवटच्या टीनवर येतो आणि तो लांबतो, फिफ्टीमध्ये जोर पहिल्या फिफ्वर आणि टी झटकन संपतो. एवढं एकच धरून ठेवा. आणि कॉलवर शंका आली तर वन फाइव्ह का फाइव्ह झीरो असं सरळ विचारायचं, त्यात कमीपणा काही नाही, आमच्याकडं मोठे साहेबसुद्धा असंच विचारतात.

निवृत्त_मास्तर:
बाई, कान बिघडत नाही. मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मनापासून सांगतो. बीबीसीची जगासाठीची टीव्ही सेवा १९९१ पासूनची, उत्तमच आहे, पण तिथं मुलाखतीत माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात आणि नव्या माणसाची दमछाक होते. न्यूजलाईनची वाक्यं आटोपशीर असतात, निवेदक शब्द गिळत नाहीत, मध्ये जाहिराती नाहीत. आणि त्यांचे जपानी वार्ताहर ज्या ढंगानं इंग्रजी बोलतात त्याच ढंगानं तुमची पार्टी बोलणार ना? मग तोच ढंग कानात बसायला पाहिजे! लंडनचे उच्चार ऐकून टोकियोचा माणूस कसा कळेल.

माझ्या पोरांना मी एक करायला लावायचो. सकाळी संचारमध्ये किंवा जो पेपर घरी येतो त्यात परदेशची बातमी मराठीत नीट वाचायची, मग तीच बातमी इंग्रजीत ऐकायची. विषय आधीच डोक्यात असला की कान फक्त शब्द पकडतो, अर्थाच्या मागं धावत नाही.

अजून एक, तुमच्या मेलसाठीही उपयोगाचं. न्यूजलाईनवर जपानी माणसाचं आडनाव आधी येतं, त्यांच्या माजी पंतप्रधानांची नावं किशिदा फुमिओ, इशिबा शिगेरू अशी. इतर बऱ्याच इंग्रजी चॅनलवर उलटं, फुमिओ किशिदा. आपल्या शाळेच्या हजेरीत आडनाव आधी असतं ना, तसंच. तेव्हा पार्टीच्या माणसाचं आडनाव कुठलं ते एकदा खात्रीनं बघून घ्या आणि मेलमध्ये त्या आडनावापुढं सान लावा, आपण मानानं जी लावतो तसं. चुकून पहिल्या नावानं हाक मारली तर तोंडावर काही बोलणार नाहीत, पण खटकतं.

जुळे_सोलापूरची_मावशी:
मला या बातम्यांची सवय वेगळ्याच कारणानं लागली. भाचा जपानात टोयामाला कामाला आहे. १ जानेवारी २०२४ ला आपल्याकडं दुपारी पावणेएकच्या सुमाराला त्याचा मेसेज आला, भूकंप, बाहेर आहे, आणि पुढं काहीच नाही. बहीण रडायला लागली. मी फोनवर एनएचके लावलं, नोतोचा ७.६ चा भूकंप होता तो. नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून तेच चाललेलं, नकाशावर किनाऱ्याच्या पट्ट्या रंगवलेल्या, कुठं किती उंच लाट येऊ शकते ते. मला सगळं इंग्रजी कळत नव्हतं पण गावाचं नाव आणि मीटर एवढं कळत होतं, तेवढ्यावर मी बहिणीला सांगत होते. तासाभरानं पोराचा फोन आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्यानं नंतर सांगितलं की जपानी चॅनलवर त्या दिवशी निवेदिका ओरडून सांगत होती, आत्ताच्या आत्ता पळा, मागं वळू नका. एरवी ही माणसं आवाज चढवत नाहीत पण २०११ च्या त्सुनामीत शांत आवाजात सांगून लोक पुरेसे हलले नाहीत म्हणून त्यांनी मुद्दाम पद्धत बदलली. आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात त्सुनामी, पळा असं लिहिलेलं, तेही चित्रलिपीत नाही, साध्या हिरागानात, म्हणजे त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहायच्या सोप्या अक्षरांत, लहान पोराला आणि परदेशी माणसालासुद्धा वाचता यावं म्हणून. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते ऐकून. भाच्याला तेव्हा तेवढीच अक्षरं येत होती हो.

साखरपेठ_७२:
सगळं बरोबर, पण फक्त भाषेसाठी बघा, मत बनवायला एकावर थांबू नका. एनएचके तिथल्या लोकांच्या फीवर चालतं पण परदेशासाठीच्या प्रसारणाला सरकारचाही पैसा मिळतो आणि २००६ मध्ये तर तिथल्या मंत्र्यानं परदेशी रेडिओ सेवेला हुकूमच दिला होता की उत्तर कोरियानं पळवून नेलेल्या जपानी लोकांच्या विषयाकडं जास्त लक्ष द्या. त्यावर गदारोळ झाला आणि मग कायद्यात हुकूम जाऊन विनंती आली. म्हणून चीन, कोरिया, बेटांचे वाद असं काही लागलं की तीच बातमी दोहाच्या अल जझीरावर नाहीतर जर्मनीच्या डीडब्ल्यू चॅनलवर पण ऐकावी. इंग्रजीही दोनदा कानावर पडतं.

टॉवेल_डॉक्युमेंट:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज साडेआठला लावलं, दोन्ही दिवस बातम्या सापडल्या! काल दहातले तीन आकडे बरोबर, आज पाच. आणि मास्तर, तुमचं वाचून जुने मेल उघडून बघितले, मी दोन महिने त्यांना पहिल्याच नावानं लिहीत होते. आज आडनावापुढं सान लावून शिपमेंटचा मेल केला. दहा मिनिटांत उत्तर आलं आणि त्यात माझंही नाव आडनावासकट, पुढं सान लावून.

मावशी, भाच्याला सांगा इकडून विचारलंय म्हणून.